अक्रोड : किती खावेत, याआधी किती जुने आहेत ते पाहावे



मागील पिढीपर्यंत कडा-आष्टी परिसरातील आपल्या घरांत मेवा म्हटला की खारीक, खोबरे, डिंक आणि बदाम हेच डोळ्यांसमोर येत. हिवाळ्यात मेथीचे किंवा डिंकाचे लाडू वळताना त्यांचीच पोती-पुडकी उघडली जात. अक्रोड हा त्या मानाने उशिरा आलेला पाहुणा. आता मात्र दिवाळीच्या भेटपेटीत, मुलांच्या डब्यात आणि हृदयविकारतज्ज्ञाने लिहून दिलेल्या आहारपत्रिकेत तो हमखास असतो. त्याच्याविषयी दोन प्रश्न नेहमी विचारले जातात : रोज किती खावेत, आणि ते उष्ण पडतात का? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे : आपल्या हातातला हा अक्रोड किती महिन्यांचा आहे? अक्रोडाचा गुण आणि त्याचा धोका या दोहोंचे मूळ एकाच गोष्टीत, म्हणजे त्याच्या तेलात आहे. तेल ताजे असेपर्यंत तो हितकर असतो. तेच तेल खवट झाले की त्याचे गुण नाहीसे होऊन केवळ उष्मांक आणि उपद्रव शिल्लक राहतात.

भारतात पिकणाऱ्या अक्रोडांपैकी बहुतांश काश्मीरमधून येतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया आणि दक्षिण अमेरिकेतील चिली येथूनही मोठ्या प्रमाणावर आयात होते. काश्मीरमध्ये सप्टेंबरच्या सुमारास फळे उतरवतात. जुनी झाडे अतिशय उंच असतात. त्यांवर चढून लांब काठीने फळे झोडपावी लागतात आणि दरवर्षी या हंगामात झाडावरून पडून काही मजुरांना प्राण गमवावे लागतात, काहींचा पाठीचा कणा मोडून ते कायमचे अंथरुणाला खिळतात. अलीकडे कलमी, बुटक्या झाडांच्या लागवडीवर भर दिला जात आहे, तो यासाठीही. आपल्या ताटातील प्रत्येक पदार्थामागे कोणाची किती पीडा आहे, याचा विचार करणाऱ्या कुटुंबांनी हेही ठाऊक ठेवावे; निदान असा जिन्नस फेकून देण्याची वेळ येईल इतका आणून साठवू नये.

उतरवलेली फळे सोलून, धुऊन, वाळवून बाजारात येतात. तेथून दिल्ली किंवा नवी मुंबईच्या वाशीतील मसाला बाजार, पुण्याचा मार्केट यार्ड, नगरचा आडते बाजार असे टप्पे घेत माल आपल्याकडे पोहोचतो. म्हणजे दिवाळीनंतर मिळणारा अक्रोड हा नव्या हंगामाचा असू शकतो. पण वैशाखात दुकानातील बरणीतून मिळणारा सुटा गर किमान सात-आठ महिन्यांपूर्वीच्या पिकाचा असतो. आणि आपल्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. या एका गोष्टीचा अक्रोडावर काय परिणाम होतो, हे समजण्यासाठी आधी त्याच्या अंतरंगात काय आहे ते पाहू.

१०० ग्रॅम अक्रोडाच्या गरात सुमारे ६५ ग्रॅम मेद, १५ ग्रॅम प्रथिने आणि साडेसहा ग्रॅम तंतुमय भाग असतो. उष्मांक सुमारे ६५० असतात. या ६५ ग्रॅम मेदापैकी सुमारे ४७ ग्रॅम बहुअसंतृप्त प्रकारचा असतो आणि त्यातही सुमारे ९ ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. हे ओमेगा-३ गटातील मेदाम्ल शरीराला स्वतः तयार करता येत नाही. ते आहारातूनच मिळवावे लागते. बदाम, काजू व पिस्ते यांत ते नगण्य असते. सुक्या मेव्यात अक्रोडाचे स्थान वेगळे आहे ते या कारणाने. मासे खाणाऱ्यांना ओमेगा-३ मेदाम्ले माशांतून मिळतात. आपला आहार पूर्णतः शाकाहारी असल्यामुळे आपल्याला ती वनस्पतींतूनच घ्यावी लागतात. प्रौढ पुरुषाला दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम आणि स्त्रीला सुमारे १.१ ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल पुरेसे मानले जाते. एका अख्ख्या अक्रोडातून साधारण ४ ग्रॅम गर निघतो. या हिशेबाने तीन ते चार अक्रोडांत दिवसाची बरीचशी गरज भागते. मूठ भरभरून खाण्याची आवश्यकता नाही.

जे अक्रोडात नाही, तेही सांगितले पाहिजे. त्यात बी-१२ जीवनसत्त्व नसते. आपल्या घरांत या जीवनसत्त्वाची उणीव वारंवार आढळते, आणि हातापायांना मुंग्या येतात, थकवा जाणवतो म्हणून सुका मेवा वाढवला जातो. त्याने ही उणीव भरून निघत नाही. दूध, दही, ताक यांतून काही प्रमाणात बी-१२ मिळते; तरीही कमतरता राहत असेल तर तपासणी करून वैद्यकीय सल्ल्याने पूरक मात्रा घेणे हाच मार्ग आहे. अक्रोड मेंदूच्या आकाराचा दिसतो म्हणून तो बुद्धी वाढवतो, हा समजही आकारसाम्यावर बेतलेला आहे. परीक्षेच्या दिवसांत मुलाला चार अक्रोड जरूर द्यावेत, परंतु त्यांच्याकडून गुणपत्रिकेची अपेक्षा ठेवू नये.

हृदयासाठी अक्रोड हितकर आहे, या मताला मात्र अभ्यासाचा आधार आहे. १९९३ साली कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठातील संशोधकांनी १८ निरोगी पुरुषांवर केलेला एक लहान प्रयोग प्रसिद्ध केला. आहारातील इतर मेदाच्या जागी अक्रोड दिले असता एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, सुमारे १६ टक्क्यांनी कमी झाले. मात्र त्यात दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी पाचवा भाग अक्रोडातून दिलेला होता. एवढे अक्रोड रोज खाणे कोणाच्याही घरी व्यवहार्य नाही. त्यानंतर स्पेनमध्ये ७ हजारांहून अधिक लोकांवर 'प्रेडिमेड' हा मोठा अभ्यास झाला. त्यातील एका गटाला भूमध्य सागरी पद्धतीच्या आहारासोबत रोज ३० ग्रॅम सुका मेवा दिला जात असे, आणि त्यातील निम्मा, म्हणजे १५ ग्रॅम, अक्रोड होता. या गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण जवळजवळ तीन दशांशाने कमी आढळले. २०१३ साली प्रसिद्ध झालेला हा लेख काही केंद्रांवरील विभागणीतील दोषांमुळे मागे घेण्यात आला आणि २०१८ साली फेरविश्लेषणासह पुन्हा प्रसिद्ध झाला. निष्कर्ष फारसा बदलला नाही.

याच मालिकेतील तिसरा अभ्यास बार्सिलोना आणि लोमा लिंडा येथे ६३ ते ७९ वयोगटातील सुमारे ७०० निरोगी ज्येष्ठांवर दोन वर्षे चालला. रोज ३० ते ६० ग्रॅम अक्रोड खाणाऱ्यांचे एलडीएल सरासरी चार अंकांनी उतरले. स्मरणशक्तीवर मात्र एकूण गटात विशेष परिणाम दिसला नाही. यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, अक्रोडाचा लाभ खरा आहे, पण माफक आहे. चार अंकांची घट म्हणजे औषध नव्हे. दुसरी, अक्रोडावरील संशोधनाला अक्रोड उत्पादकांच्या मंडळाने अनेकदा अर्थसाहाय्य दिले आहे. त्यामुळे संशोधन खोटे ठरत नाही. परंतु आपण व्यापारी माणसे आहोत. मालाची प्रशंसा करणाऱ्याचा त्या मालात वाटा आहे का, हे विचारण्याची सवय आपल्याला आहेच. ती येथेही ठेवावी.

म्हणून कोलेस्टेरॉलची, रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी अक्रोड सुरू केले म्हणून बंद करू नये. यांपैकी पहिल्या दोन अभ्यासांत अक्रोड हा आहारातील इतर मेदाच्या जागी किंवा ठरावीक पद्धतीच्या आहाराचा भाग म्हणून दिला होता, हेही महत्त्वाचे. आपल्याकडे सकाळी अक्रोड, दुपारी पोळीवर तूप, चार वाजता शेव-चिवडा आणि रात्री पुन्हा मिठाई असे होते. दुकानात गादीवर बसून दिवस काढणाऱ्या व्यक्तीने नेहमीच्या आहारात रोज ३० ग्रॅम अक्रोड वरून वाढवले, तर जवळजवळ दोनशे उष्मांकांची भर पडते. वजन वाढू लागले, तर अक्रोडाने दिलेला लाभ पोटावरच्या चरबीने परत घेतलाच म्हणून समजावे.

आता धोक्याकडे वळू. ज्या बहुअसंतृप्त मेदामुळे अक्रोड हितकर आहे, तोच मेद हवेतील प्राणवायूला सर्वांत लवकर बळी पडतो. उष्णता, प्रकाश आणि हवा ही तीन कारणे एकत्र आली की तेलाचे विघटन होते आणि गर खवट होतो. निसर्गाने त्यासाठी दुहेरी संरक्षण दिले आहे : बाहेर कठीण कवच आणि आत गराला चिकटलेली पातळ, किंचित तुरट साल. या सालीतील घटक तेलाचे रक्षण करतात. गर फोडून त्याचे तुकडे केले की हवेला सामोरा जाणारा पृष्ठभाग वाढतो. म्हणून अख्खा अक्रोड टिकतो, अर्धे गर त्याहून कमी टिकतात, आणि स्वस्त मिळणारे बारीक तुकडे सर्वांत आधी बिघडतात. ऊन येणाऱ्या फळीवर काचेच्या बरणीत ठेवलेला गर पाहण्यास आकर्षक दिसतो, पण त्याचे आयुष्य त्याच क्षणापासून घटू लागते.

खवट अक्रोड ओळखणे कठीण नाही. ताज्या गराचा रंग फिकट सोनेरी असतो, तो मोडताना कट्कन मोडतो आणि चवीला गोडसर, सालीमुळे किंचित तुरट लागतो. खवट गर पिवळट, तेलकट किंवा सुरकुतलेला दिसतो. त्याला जुन्या तेलरंगासारखा वास येतो, आणि घशाशी जळजळणारा कडवटपणा मागे राहतो. मुले असे अक्रोड तोंडातून बाहेर टाकतात, तेव्हा त्यांना रागावून पौष्टिक म्हणून बळेच खायला लावू नये. त्यांची जीभ खरे सांगत असते. अख्खा अक्रोड हातात घेऊन हलवल्यास आत गर खुळखुळला, तर तो वाळून जुना झालेला असण्याची शक्यता अधिक. कवच पांढरेशुभ्र दिसले म्हणून माल उत्तम, असेही नाही. कवचाचा रंग उजळण्यासाठी रसायनांचा वापर होतो, आणि त्याचा गराच्या ताजेपणाशी काहीही संबंध नसतो.

खवटपणाहून गंभीर धोका बुरशीचा आहे. ओलसर जागी साठवलेल्या मेव्यावर, शेंगदाण्यावर आणि मक्यावर काही जातींची बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. हे विष यकृतावर आघात करते आणि दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढवते. घरी भाजल्याने किंवा तळल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली होती. ती घटना मक्याची होती आणि विषाची मात्रा फार मोठी होती, परंतु विष हेच. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार थेट खाण्याच्या मेव्यात या विषाचे प्रमाण किलोमागे १० मायक्रोग्रॅमहून अधिक असता कामा नये. घरात ते मोजण्याचे साधन नसते. म्हणून काळपट डाग, करडी-हिरवट लव, कुबट वास किंवा अळीचे जाळे दिसले की तो गर टाकून द्यावा. खराब भाग खरवडून उरलेला खाऊ नये.

येथे आपल्या परंपरेची आठवण होणे स्वाभाविक आहे. आपल्यातील अनेक घरांत फाल्गुनी चौमासीपासून कार्तिकी चौमासीपर्यंत काही प्रकारचा सुका मेवा वर्ज्य असतो. काही घरांत ही मर्यादा केवळ चातुर्मासापुरती असते, तर काही ठिकाणी त्याच दिवशी फोडलेला मेवा चालतो. आम्नायानुसार यात भेद आहेत आणि आपल्यासाठी काय योग्य, हे आपल्या साधु-साध्वीजींना विचारावे. या मर्यादेचा हेतू जीवदया हा आहे : उष्ण आणि दमट दिवसांत मेव्यात जीवोत्पत्ती होते, ती हिंसा टळावी. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तरी तेल खवट होण्याचे, बुरशी धरण्याचे आणि अळी पडण्याचे दिवस नेमके हेच आहेत. ज्या घरांत ही मर्यादा पाळली जात नाही, त्यांनीही या महिन्यांत अक्रोडाच्या बाबतीत दुप्पट सावध राहणे हिताचे आहे.

तरीही कोणी विचारील, की इतके महिने ओमेगा-३ कोठून मिळवायचे? उत्तर आपल्याच मातीत आहे. मराठवाड्यातील शेतकऱ्याला जवस अपरिचित नाही. जवसात अल्फा-लिनोलेनिक आम्ल अक्रोडाच्या दुपटीहून अधिक, १०० ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम असते. जवस मंद आचेवर भाजून, जिरे, लाल मिरची आणि मीठ घालून, लसणाशिवाय केलेली चटणी आपल्या घरांत सहज चालते. दिवसाला दोन चहाचे चमचे पुरेत. किंमतही अक्रोडाच्या तुलनेत अगदी अल्प. मात्र नियम तोच : जवस अख्खे ठेवावे, आठवड्यापुरतेच कुटावे, कारण कुटलेले जवसही लवकर खवट होते. अख्खे जवस न चावता गिळले, तर ते बहुतांशी तसेच बाहेर पडते.

काही व्यक्तींनी अक्रोडापासून विशेष जपावे. काहींना त्याची तीव्र ॲलर्जी असते. खाल्ल्यानंतर ओठ-जीभ सुजणे, अंगावर गांधी उठणे, घसा आवळणे, श्वासाला त्रास होणे यांपैकी काही जाणवल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे आणि पुन्हा तो पदार्थ चाखूनही पाहू नये. अशा व्यक्तीने लाडू, बर्फी, केक यांत अक्रोड आहे का, हे विचारूनच खावे. पाच वर्षांखालील मुलांना अख्खा गर किंवा मोठे तुकडे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकून जीवावर बेतू शकते. त्यांना बारीक पूड करून खिरीत किंवा शिऱ्यात द्यावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी त्यातील पोटॅशियम व फॉस्फरसमुळे, आणि मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी त्यातील ऑक्झलेटमुळे आपल्या डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. ज्या भगिनींचे हिमोग्लोबिन कमी आहे, त्यांनी लोहाच्या गोळीसोबत अक्रोड खाऊ नयेत. त्यातील फायटेट आणि टॅनिन लोहाच्या शोषणात अडथळा आणतात. दोहोंमध्ये दोन तासांचे अंतर ठेवावे. चरकसंहितेतही अक्षोट, म्हणजे अक्रोड, हा बदाम-पिस्त्यांबरोबर गुरू, उष्ण, स्निग्ध आणि बलवर्धक सांगितला आहे. गुरू म्हणजे पचायला जड. म्हणून अठ्ठाईसारख्या दीर्घ तपश्चर्येच्या पारण्याला शक्ती यावी म्हणून लगेच मेवा देऊ नये. प्रथम मुगाचे पाणी, पातळ राब असे हलके घेऊन पचनशक्ती पूर्ववत झाल्यावर दोन-चार दिवसांनी मेव्याकडे वळावे.

घरासाठी व्यवहार सोपा आहे. शक्यतो कवचासह अक्रोड घ्यावेत आणि रोज लागतील तेवढेच फोडावेत. फोडण्याचा कंटाळा असेल, तर अर्धे गर पंधरा दिवसांपुरते आणावेत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावेत. पाकीट घेताना भरण्याची तारीख पाहावी. साखरेत घोळलेले किंवा मीठ लावून तळलेले अक्रोड हे मिठाई व फरसाण समजूनच खावेत. गराची पातळ साल काढून टाकू नये. भिजवून खाण्याने तुरटपणा कमी होतो आणि चावणे सोपे जाते, एवढाच त्याचा लाभ. भिजवलेला गर त्याच दिवशी संपवावा.

आता थोडे दुकानाविषयी. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांचा किराणा आणि मेव्याचा व्यापार आहे. पडून राहिलेला माल ही प्रत्येक व्यापाऱ्याची विवंचना असते, आणि दिवाळीनंतर उरलेला अक्रोड पुढच्या हंगामाच्या नव्या मालात मिसळण्याचा मोह होऊ शकतो. आपल्या श्रावकाचारात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' सांगितला आहे : चांगल्या मालात हलका माल मिसळून तो चांगला म्हणून विकणे. जुना अक्रोड नव्यात मिसळणे हे त्याचे नेमके उदाहरण आहे. येथे केवळ ग्राहकाचे पैसे जात नाहीत. हृदयाची शस्त्रक्रिया झालेला कोणी वृद्ध तो गर औषध समजून रोज खात असतो. म्हणून मेव्याची खरेदी थोडी आणि वारंवार करावी, पोत्यावर हंगामाचा महिना लिहून ठेवावा, उन्हाळ्याआधी गर शीतगृहात किंवा फ्रिजमध्ये हलवावा, आणि खवट झालेला माल हिशेबात तोटा म्हणून लिहून बाजूला काढावा. हा तोटा टाळण्याचा खरा मार्ग फाल्गुनापूर्वी माल आटोपता घेणे हाच आहे. पुष्कळ जैन घरांतील मागणीही तेव्हाच थांबते.

दिवाळीच्या भेटीबाबतही एक सूचना करावीशी वाटते. मेव्याच्या पेट्या एका घरातून दुसऱ्या घरी, तेथून तिसऱ्या घरी फिरत राहतात आणि कधीकधी संक्रांत ओलांडून उघडल्या जातात. पेटी द्यायचीच असेल, तर कवचाचे अक्रोड द्यावेत आणि वर भरल्याची तारीख लिहावी. आलेली पेटी त्याच आठवड्यात उघडावी, एक गर चाखून पाहावा, आणि घरात खपणार नसेल तर ताजी असतानाच शाळेच्या वसतिगृहातील मुलांना द्यावी. मात्र त्यांतील कोणाला मेव्याची ॲलर्जी नाही ना, हे आधी तेथील व्यवस्थापकांना विचारून घ्यावे.